कमी खरखरीचा रेग्युलेटर कुणासाठी बनला?

सिंगापूरला येणारा प्रत्येक मराठी पाहुणा एकदा तरी मुस्तफा सेंटरला जातोच. पुढच्या वेळी तिथून बाहेर पडलात की जालान बेसार रस्त्यानं रोचोर कालव्याच्या दिशेनं दहा-पंधरा मिनिटं चालत जा. कालव्याजवळ समोरासमोर दोन इमारती लागतात. लॅपटॉप आणि मोबाइलची सिम लिम स्क्वेअर तुम्ही कदाचित ऐकली असेल. आपल्याला हवी आहे ती दुसरी, सिम लिम टॉवर. तिच्या खालच्या मजल्यांवर लहान लहान दुकानं आहेत: प्लॅस्टिकच्या खणांत रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच, ट्रान्सफॉर्मर, भिंतीला टांगलेली वायरची बंडलं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांच्या शनिवारच्या दुपारी गेल्या आहेत, त्यांना इथं परकं वाटायचं कारण नाही. एसी आहे, एवढाच फरक.

माझी तिथली पहिली खरेदी म्हणजे घरी जुळवत असलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरसाठी व्होल्टेज रेग्युलेटर. "एकदम लो नॉइज द्या," असं मी ऐटीत सांगितलं. काउंटरमागच्या अंकलनी (इथं वयस्कर दुकानदार म्हणजे अंकलच) विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, गाणी ऐकायला. त्यांनी एका खणातून एलएम३१७ काढून पुढे ठेवला. साधा, स्वस्त, माझ्या जन्माआधीचा. माझा अपमान झाला असं मला वाटलं. मी तो घेतला, पण घरी येऊन त्याच्या दहापट किमतीचा दुसरा मागवलाच.

त्या "कशासाठी?"वर मी नंतर खूप विचार केला. पॉडकास्टमध्ये सिंगापूरच्या कारखान्यांवर बोलताना हा धागा सुटून गेला होता, म्हणून इथं सविस्तर लिहितो. कारण रेग्युलेटरचा इतिहास पाहिला तर दिसतं की प्रत्येक चिप कुणाच्या तरी "कशासाठी"चं उत्तर म्हणून जन्माला आली, आणि गाणी ऐकणारा हौशी माणूस त्या प्रश्नात जवळजवळ कधीच नव्हता. आपण नेहमी दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा घालत आलो आहोत. तो कुठे सैल आणि कुठे घट्ट, हे समजलं की निवड सोपी होते आणि पैसेही वाचतात.

आधी थोडक्यात, हा रेग्युलेटर करतो काय. भिंतीतून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी येतो, इथंही आणि आपल्याकडेही. ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो, डायोड त्याला एकाच दिशेला वळवतात, मोठा कपॅसिटर खळगे भरून काढतो. तरीही सेकंदाला १०० वेळा वरखाली होणारी एक लाट उरते. तिला रिपल म्हणतात. रेग्युलेटर ती लाट छाटतो. त्याच्या पोटात एक स्थिर संदर्भ व्होल्टेज असतं आणि बाहेर जाणारं व्होल्टेज त्या संदर्भाशी सतत ताडून पाहणारा एक ॲम्प्लिफायर असतो. पण हे दोघं स्वतः मुके नसतात. बेल लॅबमध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं होतं की साधा रेझिस्टरसुद्धा, तो गरम आहे एवढ्याच कारणानं, थोडं विजेचं बडबडणं करत राहतो. म्हणजे बाहेरची गुणगुण दाबणं हा रेग्युलेटरचा एक गुण, आणि स्वतः गप्प बसणं हा वेगळाच गुण. "लो नॉइज" म्हणताना आपण सर्रास दोन्हींची खिचडी करतो.

आता "कशासाठी" हा प्रश्न. १९६७ च्या सुमारास बॉब वायडलर या अफलातून आणि तितक्याच तऱ्हेवाईक अमेरिकन इंजिनिअरनं नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीसाठी एलएम१०० हा एका चिपवरचा रेग्युलेटर केला. त्याच्यापाठोपाठ, १९७० च्या आसपास, त्याचाच एलएम१०९ आला: तीन पाय, ५ व्होल्ट, बाकी काही जुळवायचं नाही. हे ५ व्होल्ट कुणाला हवे होते? संगणकांना. तेव्हाच्या संगणकात एका मोठ्या पुरवठ्यातून लांबलांबच्या कार्डांपर्यंत वीज न्यावी लागे आणि वाटेत ती घसरत जाई. प्रत्येक कार्डावरच एक रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटला. शून्य आणि एक ओळखणाऱ्या त्या सर्किटांना शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टच्या कुजबुजीनं काही फरक पडत नसे. मग फेअरचाइल्डची ७८०० मालिका आली. ७८०५, ७८१२, ७८१५ ही नावं आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. १९७६ मध्ये नॅशनलमधल्या बॉब डॉबकिनचा एलएम३१७ आला. दोन रेझिस्टर लावून हवं ते व्होल्टेज घ्या, सव्वापासून ३७ पर्यंत. दुकानदाराला बारा प्रकार ठेवण्याऐवजी एकच ठेवता यावा, हा त्याचा मोठा फायदा. खरखर कमी असावी, हे यातल्या कुणाचंही मुख्य ध्येय नव्हतं.

सिंगापूर या गोष्टीत येतं ते इथं. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटिशांनी जाहीर केलं की इथले लष्करी तळ ते आवरते घेणार. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या या शहराचं उत्पन्न आणि हजारोंची पोटं त्या तळांवर अवलंबून होती. आर्थिक विकास मंडळाचे लोक अमेरिकेत कंपन्यांची दारं ठोठावत फिरत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं होकार दिला आणि निर्णयापासून ५० दिवसांत उत्पादन सुरू करायची तयारी दाखवली. मागोमाग नॅशनल सेमिकंडक्टर आली, वायडलरचीच कंपनी. ली क्वान यू यांनी आत्मचरित्रात ह्युलेट-पॅकार्डचाही एक किस्सा सांगितला आहे. कंपनीनं एका सहा मजली इमारतीचे वरचे दोन मजले भाड्यानं घेतले होते, पण लिफ्टला पुरेशी वीज अजून आली नव्हती आणि विल्यम ह्युलेट स्वतः पाहणीला येणार होते. मंडळानं शेजारच्या इमारतीतून एक भलीमोठी केबल ओढून आणली. त्या दिवशी लिफ्ट चालली. रेग्युलेटरवरच्या लेखात वीजपुरवठ्याचा याहून चांगला किस्सा मला दुसरा सापडलेला नाही.

कारखान्यात काम काय होतं? चिप बनायची अमेरिकेत. नखाच्या तुकड्यापेक्षा लहान ते कापे विमानानं इथं यायचे. इथं त्यांना धातूच्या पट्टीवर चिकटवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत केसाहून बारीक सोन्याच्या तारेनं चिपचे काठ पायांशी जोडायचे, वर काळं आवरण चढवायचं, तपासायचं आणि परत पाठवायचं. अमेरिकेच्या जकात नियमांत अशी सोय होती की परत येणाऱ्या मालावर फक्त बाहेर वाढलेल्या किमतीपुरती जकात पडे. हा सगळा व्यवहार त्या एका कलमावर बराचसा उभा होता. आणि सूक्ष्मदर्शकामागे बसल्या होत्या त्या मुली. मलय, चिनी, भारतीय, काही पलीकडच्या जोहोरमधून आलेल्या, बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या. पाळ्यांत काम, रात्रपाळीही. डोळे जात. १९७४-७५ ची मंदी आली तेव्हा सगळ्यांत आधी घरी गेल्या त्याही याच.

मलय भाषेत या मुलींना एक नाव पडलं होतं, "मिना करान". मिना हे अमिनाचं लाडकं रूप, आणि करान म्हणजे करंट. आपण "करंट बसला" म्हणतो तोच शब्द, समुद्र ओलांडून गेलेला. नाव कौतुकाचं नव्हतं. स्वतःच्या पगारावर जीन्स घेणारी, रात्री उशिरा घरी येणारी मुलगी लोकांच्या डोळ्यांवर यायची, त्यातून आलेलं ते हिणवणं होतं. मला मात्र ते नाव फार अचूक वाटतं. जगभरातल्या यंत्रांना नीट मोजून मापून करंट मिळावा याची सोय या मुलींच्या बोटांतून गेली होती.

आपल्याकडे याच कल्पनेवर मुंबईत अंधेरीला सीप्झ उभं राहिलं, १९७३ मध्ये. ती वेगळी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी. पण ज्यांनी ऐंशीच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून आयसी आणल्या असतील त्यांनी आठवून पाहावं: त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत "सिंगापूर", "मलेशिया", "फिलिपिन्स" असं छापलेलं असायचं. अमेरिकन कंपनीचं चिन्ह आणि खाली भलत्याच देशाचं नाव, हे कोडं मला लहानपणी सुटत नसे.

कारखान्यांच्या शहरात उरलेसुरले सुटे भाग आणि जुनी यंत्रं यांचाही बाजार तयार होतो. सिंगापुरात दारोदार फिरून जुनंपानं विकत घेणाऱ्याला "कारुंग गुनी" म्हणतात. कारुंग म्हणजे पोतं, आणि गुनी म्हणजे आपली गोणीच. या गोणीवाल्यांनी जमवलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात फुटपाथवर मांडलेले असत, सिम लिम टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. तिथला मोडका ॲम्प्लिफायर घ्यायचा, इकडून सुटे भाग घ्यायचे आणि घरी डाखत बसायचं, असा इथल्या हौशी मंडळींचा रिवाज होता. तो बाजार १० जुलै २०१७ ला कायमचा उठला.

याच परिसंस्थेतून सिम वाँग हू हा मुलगा वर आला. १९८१ मध्ये चायनाटाउनच्या पर्ल्स सेंटरमध्ये त्यानं संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं, नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. १९८९ मध्ये त्यांचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि जगभरचे संगणक गाऊ लागले. आता त्या कार्डाच्या जागेचा विचार करा. संगणकाच्या पोटात, प्रोसेसर आणि डिस्कच्या शेजारी, सगळ्यांच्या गोंगाटानं भरलेल्या ५ व्होल्टच्या रुळावर बसून संगीत वाजवायचं! त्या काळातली साउंड कार्डं मिळाली तर उलटसुलट करून पाहा. बऱ्याच कार्डांवर १२ व्होल्टवरून वेगळे, स्वच्छ ५ व्होल्ट बनवणारा एक छोटा रेग्युलेटर सापडतो. संगणकासाठी जन्मलेली चिप संगणकापासूनच संगीताला वाचवण्याच्या कामाला लागलेली.

ऑडिओवाल्यांनी स्वतःसाठी काहीच केलं नाही असं नाही. अमेरिकेतल्या 'द ऑडिओ अमॅच्युअर' या नियतकालिकात १९८० मध्ये मायकेल सुल्झर यांनी ऑप-ॲम्प वापरून फार शांत रेग्युलेटर कसा जुळवायचा ते लिहिलं. १९९५ मध्ये वॉल्ट जंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वाटेनं पुढे जाऊन जो आराखडा दिला, तो अजूनही "सुपर रेग्युलेटर" या नावानं बांधला जातो. पण ते सगळं सुट्या भागांचं घरगुती बांधकाम. खरोखर अतिशांत चिप यायला रेडिओवाल्यांची गरज पडली. मोबाइलचे टॉवर, रडार, वेगवान मापन यंत्रं यांत पुरवठ्यावरची किंचित थरथर थेट लहरीच्या शुद्धतेवर उतरते. २०१५ मध्ये लिनियर टेक्नॉलॉजीनं एलटी३०४२ काढला: एकूण नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट. ही कंपनी १९८१ मध्ये स्थापन करणाऱ्यांत एलएम३१७ वाला डॉबकिनही होता. चिपा अमेरिकेत बनत, जुळवणी पेनांगला आणि चाचणी सिंगापूरला. म्हणजे घराणं तेच, गावही तेच. गिऱ्हाईक मात्र याही वेळी वेगळंच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण दुकानात शेवटी आकडेच बोलतात. ७८१५ च्या माहितीपत्रकात नॉइज ९० मायक्रोव्होल्ट दिलेला असतो, १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात. एलएम३१७ चा आकडा वेगळ्याच भाषेत असतो: बाहेरच्या व्होल्टेजच्या ०.००३ टक्के, आणि तोही १० किलोहर्ट्झपर्यंतच. एक शेरात, दुसरा किलोत. १५ व्होल्टला ते होतात ४५० मायक्रोव्होल्ट. म्हणजे नुसता लावलेला एलएम३१७ साध्या ७८१५ पेक्षाही बडबड्या! पण त्याच्या ॲडजस्ट पायापासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर लावा. संदर्भाची खरखर एरवी बाहेरच्या व्होल्टेजच्या पटीत फुगते, ती आता फुगत नाही. ऐकू येणाऱ्या बहुतेक पट्ट्यात नॉइज साधारण दहाव्या हिश्शावर येतो, आणि रिपल दाबण्याची ताकद ६५ वरून ८० डेसिबलवर जाते. दोन-चार रुपयांचा कपॅसिटर. जुन्या माहितीपत्रकांत हे सगळं लिहिलेलं असतं, पण आपण वाचतो कुठे? (बाहेरचं व्होल्टेज जास्त असेल तर याच्याबरोबर संरक्षक डायोडही लावायला सांगितलेला असतो. तो विसरू नका.)

मग ०.८ मायक्रोव्होल्टवाला घ्यायचा की नाही? पुन्हा तोच प्रश्न, कशासाठी? समजा तुमच्या प्रीॲम्पमध्ये ५५३२ सारखा चांगला ऑप-ॲम्प आहे. असे ऑप-ॲम्प कमी वारंवारतेला पुरवठ्यावरची गडबड सुमारे १०० डेसिबलनं, म्हणजे लाख पटींनी दाबतात. पुरवठ्यावर १०० मायक्रोव्होल्ट खरखर असली तर त्याच्या दारात उरते ०.००१ मायक्रोव्होल्ट. त्याची स्वतःची खरखर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ०.७ मायक्रोव्होल्ट, सातशे पट जास्त. वरच्या वारंवारतेला दाबण्याची ही ताकद घटते हे खरं. ती ६० डेसिबलवर आली असं धरलं तरी रेग्युलेटरची खरखर ऑप-ॲम्पच्या सातव्या हिश्शाइतकीच भरते. इथं एलटी३०४२ लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. माझा हेडफोन ॲम्प्लिफायर ऑप-ॲम्पचाच होता, आणि अंकलना तो न पाहताच कळला होता.

डॅकचं मात्र वेगळं आहे. डिजिटल आकड्याला संदर्भ व्होल्टेजनं गुणून तो आवाज बनवतो, त्यामुळे संदर्भातली खरखर कोणी दाबत नाही, ती थेट संगीतात गुणली जाते. ७८०५ चा नॉइज ४० मायक्रोव्होल्ट. ५ व्होल्टच्या तुलनेत तो ढोबळमानानं १०२ डेसिबल खाली. सीडीच्या १६ बिटांची मर्यादा ९८ डेसिबल. म्हणजे संगणकाच्या कार्डांसाठी निघालेल्या घराण्यातला रेग्युलेटर सीडीला काठोकाठ पुरला, कुणी तसं ठरवलेलं नसताना. आजच्या डॅक चिपा १२० डेसिबलच्या पुढचा दावा करतात. तिथं ५ मायक्रोव्होल्टच्या वर गेलात तर तो दावा कागदावरच राहतो. एलटी३०४२ किंवा त्याच्या जातीचा रेग्युलेटर घ्यायचाच असेल तर तो डॅकच्या संदर्भासाठी आणि क्लॉकसाठी घ्या. पुरवठा दाबायची सोयच नसलेली साधी, एकदोन ट्रान्झिस्टरची फोनो किंवा माइक सर्किटं हीही त्याची जागा. आणि घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ज्या चिपेचं नाव होतं तिची नक्कलही निघते.

आता राहिली माझी गोष्ट. दहापट किमतीचा रेग्युलेटर आला, तो डाखला, हेडफोन कानाला लावला. गुणगुण होती तशीच. मग दुसरा मागवला, मग तिसरा. दोन वर्षं मी रेग्युलेटर बदलत होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. रेग्युलेटरची खरखर ऐकू आलीच तर ती फुसफुशीसारखी, पावसाच्या बारीक झडीसारखी असते. मला ऐकू येत होता तो एका सुरातला "ऊंऽऽ", १०० हर्ट्झचा. तो सूर डायोडचा असतो. मोठा कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा जोरात पाणी प्यायल्यासारखा करंट ओढतो, आणि तो करंट ज्या वायरनं परततो त्याच वायरवर मी सिग्नलचं ग्राउंडही जोडलेलं होतं. वायरचा रेझिस्टन्स अगदी थोडा, पण ते झटके मोठे. जगातला सर्वांत शांत रेग्युलेटर लावला असता तरी त्या वायरीत तो काय करणार होता?

शेवटी मी सिग्नलचं ग्राउंड सोडवलं आणि वेगळ्या वायरनं थेट रेग्युलेटरच्या पुढे, बाहेरच्या कपॅसिटरच्या पायाशी नेलं. अंकलचा एलएम३१७ परत बसवला, दहा मायक्रोफॅरॅडसकट. हेडफोन लावला, आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं आणि ॲम्प्लिफायर चालू आहे की नाही हे पाहायला दिव्याकडे वळून बघितलं. नवी वायर चार इंचांची होती.